बॅकड्रॉप कशावर टांगायचा: दहा बाय बाराच्या खोलीतल्या स्टुडिओच्या नोंदी

३ मे २०२५

खोली रिकामी झाली, मापं घेतली. पुण्यातल्या फ्लॅटची साधी बेडरूम: लांबी ३.६६ मीटर, रुंदी ३.०५ मीटर, फरशीपासून स्लॅब २.८५ मीटर. बॅकड्रॉप, म्हणजे फोटोतला मागचा पडदा, लागेल तो दारासमोरच्या आखूड भिंतीवर. त्या भिंतीच्या डोक्यावर बीम आहे. तो स्लॅबखाली ४५ सेंमी उतरलेला, म्हणजे बीमचा तळ २.४० मीटरवर. पंखा खोलीच्या मध्यावर, १२०० मिमीचा. त्याच्या पात्याचं टोक भिंतीपासून १.२३ मीटरवर येतं आणि पाती साधारण २.५० मीटर उंचीवर फिरतात.

पंख्याचं माप सहसा कुणी घेत नाही. स्टँड २.६ मीटरपर्यंत चढवून पुढे सरकवला की आडवी दांडी थेट पात्यांच्या वाटेत जाते. म्हणून हे माप आधीच लिहून ठेवावं.

काम दोन प्रकारचं: कमरेपर्यंतची पोर्ट्रेट आणि टेबलावरच्या वस्तू. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (२३.५ × १५.६ मिमी), लेन्स ५० मिमी.

६ मे

आधार निवडण्याआधी पार्श्वभूमी किती रुंद लागते ते काढलं. हिशेब सोपा आहे: पडदा कॅमेऱ्यापासून जितका लांब, त्याला सेन्सरच्या बाजूने गुणायचं आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं. येतं ते चौकटीत दिसणाऱ्या पडद्याचं माप.

उभ्या चौकटीत माणसाचा एक मीटर भाग यायला कॅमेरा २.१ मीटरवर लागतो. माणूस पडद्याच्या १.२ मीटर पुढे उभा, म्हणजे कॅमेरा ते पडदा ३.३ मीटर. उभ्या चौकटीत रुंदी ३.३ × १५.६ ÷ ५० = १.०३ मीटर. आडव्या चौकटीत ३.३ × २३.५ ÷ ५० = १.५५ मीटर.

कागदाचे रोल मुख्यतः दोन रुंदींत मिळतात: १.३५ मीटर (५३ इंची) आणि २.७२ मीटर (१०७ इंची). उभ्या पोर्ट्रेटला १.३५चा रोल पुरतो, दोन्ही बाजूंना १६-१६ सेंमी उरतात. आडव्या चौकटीला तो कमी पडतो. पूर्ण उंचीच्या फोटोला याच लेन्सने जवळजवळ साडेचार मीटर मागे जावं लागेल. ते या खोलीत होणारच नाही, त्यामुळे त्यासाठी २.७२चा रोल घेण्यात अर्थ नाही.

माणूस आणि पडदा यांच्यातले १.२ मीटर कमी करू नयेत. मुख्य दिवा वरून ४५ अंशांत असला तर माणसाची सावली पडद्यावर पोचेपर्यंत सुमारे १.२ मीटर खाली उतरते आणि चौकटीतून बाहेर जाते. अंतर निम्मं केलं की डोक्याची सावली खांद्यामागे दिसू लागते. मग कितीही चांगला कागद असला तरी फोटो पासपोर्टचा वाटतो.

९ मे

पहिला पर्याय: दोन स्टँड आणि चार तुकड्यांची आडवी दांडी, बाजारात 'बॅकड्रॉप स्टँड किट' म्हणून मिळते ती. पटकन लागते, बॅगेत जाते, बाहेरच्या कामाला उत्तम. या खोलीत मात्र तिची जागेची किंमत मोठी आहे.

स्टँडचे पाय पूर्ण उघडल्यावर मधल्या नळीपासून सुमारे ४५ सेंमी पसरतात, त्यामुळे पडदा भिंतीपासून अर्धा मीटर पुढे येतो. बेरीज करा: ०.५ + १.२ + २.१ = ३.८ मीटर. खोली ३.६६ची. कॅमेराच भिंतीत जातो. पाय अर्धवट मिटवून जागा वाचवायचा मोह होतो, तिथेच अपघाताची सुरुवात असते.

तिपाई स्टँड कुठल्या बाजूला आडवा होतो हे समजून घ्यावं. दोन पायांची टोकं जोडणारी रेषा मधल्या नळीपासून पायाच्या पसाऱ्याच्या निम्म्याच अंतरावर असते, इथे साडेबावीस सेंमी. स्टँड, दांडी आणि २.७२चा रोल मिळून वजन धरा साडेबारा किलो. ही रेषा पुढच्या बाजूला असेल, तर २.५ मीटर उंचीवर जेमतेम १.१ किलोचा ओढा बसला की सगळं पुढे येतं. दोन्ही स्टँडचा एकेक पाय सरळ पुढे काढला की अंतर ४५ सेंमी होतं आणि ओढा २.२५ किलो लागतो. मागच्या बाजूला प्रत्येकी ५ किलोच्या वाळूच्या पिशव्या टाकल्या की तो ५ किलोच्या आसपास जातो. घरात लहान मूल असेल तर कागदाचं खालचं टोक त्याच्या हाताशीच असतं, म्हणून हा आकडा आम्ही गांभीर्याने घेतो.

किट ठेवायचं, पण बाहेरच्या कामासाठी. खोलीत भिंतीचाच आधार.

११ मे

भाड्याच्या घरात भोकं पाडायची नसतील तर स्लॅब आणि फरशी यांच्यात ताणून बसवायचे खांब हा पर्याय. मॅनफ्रोटोचा ऑटोपोल २१० ते ३७० सेंमी उघडतो, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या उंचीत बसतो. पाय पसरत नाहीत, त्यामुळे जागा भिंतीच्या आधाराइतकीच लागते. दोन अटी. वर काँक्रीटचा स्लॅब हवा. जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर ताण दिला तर बोर्ड फुटतो आणि खांब सैल पडतो. आणि व्हिट्रिफाइड फरशी व रबराची टोपी, दोन्ही धूळ पुसून कोरडी हवीत.

जुन्या घरांत हॉलच्या स्लॅबमध्ये झोपाळ्याच्या कड्या असतात. त्या माणसांच्या वजनासाठी सळईत अडकवलेल्या असतात, पडद्याचा पाइप त्यांना काहीच नाही. साखळीने पाइप टांगला की झालं. या खोलीत कड्या नाहीत.

१४ मे

आडव्या पाइपचा हिशेब. सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

पाइप मधोमध खाली झुकला की रोलही वाकतो. कागद उलगडताना एका कडेला जास्त सुटतो, मग तिरप्या चुण्या पडतात आणि कडा आत वळतात. त्या चुण्या खालून ओढून जात नाहीत, कारण दोष वर असतो.

२.९ मीटर अंतरावर दोन टोकांना आधार आणि वर ७ किलोचा रुंद रोल, असं धरून (वजन सारखं पसरलंय असं मानून) मधला झोळ असा येतो:

स्टेनलेसचा पडद्याचा रॉड, २५ मिमी व्यास, ०.८ मिमी जाडी: सुमारे ३१ मिमी.
जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप पाऊण इंची, मध्यम प्रतीचा: १२ मिमी.
ॲल्युमिनियमची नळी, ३८ मिमी व्यास, २ मिमी जाडी: १०-११ मिमी.
जीआय पाइप एक इंची, मध्यम प्रतीचा: ६ मिमी.

पीव्हीसी या यादीत घेतलाच नाही. त्याचा ताठरपणा पोलादाच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास, शिवाय उन्हाळ्यात वजनाखाली तो हळूहळू वाकत जातो आणि वाकलेलाच राहतो.

आता तोच पाऊण इंची पाइप दीड मीटरवर टेकवून त्यावर १.३५चा रोल (सव्वातीन किलो) ठेवला तर झोळ एक मिमीसुद्धा येत नाही. वजन तेच ठेवून अंतर दुप्पट केलं की झोळ आठपट होतो. म्हणून रुंद रोल घ्यायचा ठरवलात की आधाराचा खर्चही वाढतो, हे दुकानात रोल निवडतानाच ध्यानात हवं.

रुंद रोलची आणखी एक अडचण जिन्यात कळते. खोक्यासकट तो पावणेतीन मीटरपेक्षा लांब असतो. लहान लिफ्टमध्ये सहसा मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर उभा करून फिरवावा लागतो. मागवण्याआधी टेपने जिना मोजा.

१७ मे

निर्णय.

कागदासाठी: तीन हुकांचे भिंतीवरचे ब्रॅकेट, साखळीने फिरणारे, १.३५च्या तीन रोलसाठी. दोन ब्रॅकेट १.४५ मीटर अंतरावर. कागदाचा गाभाच (ज्यावर कागद गुंडाळलेला असतो ती पुठ्ठ्याची नळी) भार पेलतो, आत पाइप लागत नाही. गाभ्याच्या दोन्ही टोकांत फुगून घट्ट बसणारे एक्स्पांडर असतात.

आडव्या चौकटीसाठी: कापडी पडदा, त्याला २.९ मीटरचा पाइप. इथे पाइप जाड करण्याऐवजी आधार आत सरकवले. वजन सगळीकडे सारखं पसरलेला पाइप टोकांवर टेकवण्याऐवजी दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्के आत टेकवला, तर झोळ चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी होतो, कारण बाहेर आलेली टोकं मधल्या भागाला वर उचलून धरतात. २.९ मीटरला ते अंतर ६४ सेंमी येतं आणि दोन आधारांमध्ये १.६२ मीटर राहतात. त्यामुळे पाऊण इंची जीआय पाइप भरपूर झाला. वजन साडेचार किलोच्या आसपास.

ही युक्ती कागदाला चालत नाही. रोलच्या मधे आधार येऊ शकत नाही, तो टोकांवरच टेकतो. कापड चिमट्यांनी खाली लटकतं, म्हणून चालते.

२० मे

भिंत कशाची आहे ते तपासलं. लहान बिटने एक भोक पाडून भुकटीचा रंग बघायचा. लाल आली तर वीट. पांढरट-राखाडी, मऊ, आणि बिट लोण्यात गेल्यासारखं सहज आत गेलं तर एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ठोकळा). करडी भुकटी आणि बिट अडत अडत चाललं तर काँक्रीट.

इथे भिंत एएसी ब्लॉकची निघाली, बीम अर्थातच काँक्रीटचा. एएसीमध्ये साधा प्रसरणारा फास्टनर वापरू नये. तो घट्ट करताना ब्लॉक आतून चुरा होतो, त्या दिवशी पक्का वाटतो आणि काही आठवड्यांत हलू लागतो. बीम नसता तर एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), किंवा भिंतीतून आरपार बोल्ट आणि पलीकडे पट्टी, एवढेच पर्याय होते. बीम आहे, म्हणून सगळे आधार बीमच्या तोंडावरच.

विटांच्या भिंतीत भोक विटेत पडलं पाहिजे. दोन विटांमधल्या दर्जेत पडलं तर प्लग फिरत राहतो. आणि कुठल्याही भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नये; गाडलेल्या वायरचे पाइप तिथूनच जातात.

२४ मे

सामान: ८ मिमी बोल्टचे स्लीव्ह फास्टनर (बाहेरची नळी १० मिमी) ८ नग, तीन हुकांच्या ब्रॅकेटची जोडी, एक्स्पांडर व साखळ्यांचे तीन संच, ४० मिमी लोखंडी अँगलचे दोन तुकडे, दोन यू-क्लॅम्प नट-वॉशरसकट, पाऊण इंची जीआय पाइप, दोन इंच उघडणारे स्प्रिंगचे चिमटे १४ नग. लोखंडी सामान रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. पाइप ६ मीटरचा येतो, दुकानातच २.९ मीटरवर कापून घ्यावा, दोन तुकडे निघतात.

कापलेल्या तोंडाला धार असते, कानशीने ती घासून काढली. नव्या जीआय पाइपवर तेलकट थर आणि जस्ताची भुकटी असते. पांढऱ्या कापडावर तिचे करडे पट्टे उमटतात आणि धुऊनही पूर्ण जात नाहीत. थिनरच्या फडक्याने पुसून, कोरडा करून, मग कापडी चिकटपट्टी गुंडाळली.

२५ मे

बसवणी. क्रम असा:

१. दोन्ही ब्रॅकेटची उंची गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने मारली. दीड मीटर अंतरावर लहान स्पिरिट लेव्हल फसवते आणि पाच मिमीचा फरकही कागदाला एका बाजूला सरकवतो. फरशीवरून टेप लावून मोजू नये, फरशीला उतार असतो.

२. रोलच्या ब्रॅकेटचा मध्य २.६५ मीटरवर, पाइपच्या अँगलची भोकं २.५० मीटरवर. पाइप ब्रॅकेटच्या हातांखालून, बीमपासून ८ सेंमीवर जातो. पहिला रोल १५ सेंमीवर, पुढचे २७ आणि ३९ सेंमीवर. ११ मीटर कागदाचा भरलेला रोल सुमारे ८ सेंमी जाड असतो, त्यामुळे १२ सेंमीच्या टप्प्यात एकमेकांना घासत नाहीत. पंचवीस मीटरचा रोल १० सेंमीपर्यंत जातो, तोही बसतो.

३. १० मिमीच्या बिटने ६० मिमी खोल भोक. बिटला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली कळते. मधेच बिट सळईला लागलं (आवाज बदलतो, भुकटी थांबते) तर जोर करायचा नाही. बीमच्या बाजूला लागते ती बहुधा उभी रिंग (आडव्या सळयांभोवतीचं कडं); भोक दोन-तीन सेंमी बाजूला घ्यायचं.

४. भोकातली भुकटी फुंकून पूर्ण काढायची. ती राहिली तर फास्टनर भुकटीवर पकडतो, काँक्रीटवर नाही.

५. फास्टनर आधी हाताने, मग पान्याने. जास्त आवळला तर बोल्टचा आटा जातो.

ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं उभं अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. तीन रोलचे १० किलो म्हणजे एका बाजूला ५. ते भिंतीपासून सरासरी २७ सेंमीवर लटकतात. भोकांमध्ये १० सेंमी अंतर असेल तर वरच्या बोल्टवर बाहेर ओढणारा जोर साडेतेरा किलो येतो. भोकं ५ सेंमीवर असतील तर सत्तावीस. काँक्रीटमधल्या फास्टनरला दोन्ही किरकोळ आहेत, एएसीमधल्या प्लगला नाहीत.

पाइप उघड्या हुकात नुसता ठेवायचा नाही, यू-क्लॅम्पने बांधायचा. आधार आत असल्यामुळे एका टोकाला सात-आठ किलोचा ओढा बसला तर दुसरीकडे पाइप हुकातून वर उचलला जातो.

साखळ्या दारापासून लांबच्या बाजूला घेतल्या, येता-जाता अडकू नयेत म्हणून.

२९ मे

रोल चढवले. राखाडी सर्वांत आत, कारण पोर्ट्रेटला तोच जास्त लागतो आणि तिथे लांबी सर्वांत कमी खर्च होते: ०.१५ + १.२ + २.१ = ३.४५ मीटर. कॅमेरा दाराच्या उंबऱ्याशी येतो आणि दार उघडं ठेवलं की मागे उभं राहायला जागा मिळते. काळा मधे. पांढरा सर्वांत पुढे, तो टेबलावर वळवून वस्तूंसाठी वापरायचा, तिथे अंतराची अडचण नसते.

एक्स्पांडर गाभ्यात घट्ट बसेपर्यंत फिरवावेत. सैल राहिले तर साखळी ओढल्यावर एक्स्पांडर फिरतो आणि रोल जागचा हलत नाही. गाभा थोडा मोठा असेल तर एक्स्पांडरवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत. काम नसताना प्रत्येक रोलच्या कडेला एक चिमटा हवाच, नाहीतर कागद स्वतःच्या वजनाने हळूहळू सुटत फरशीवर येतो.

४ जून

कापडी पडदा. मांजरपाट घ्यायचा विचार आधी होता, पण त्याचा पन्हा लहान, २.७ मीटर रुंदीला जोड द्यावे लागतात आणि बाजूने प्रकाश पडला की प्रत्येक शिवण दिसते. त्यापेक्षा चादरीचं १०८ इंची पन्ह्याचं सुती कापड घ्यावं. तीन मीटर लांबीचं कापड दीड किलोच्या आसपास भरतं. शिवण्याआधी धुऊन घ्यावं, सुती कापड आटतं.

वर नेफा शिवला नाही, कारण पाइपचे आधार आत आहेत आणि नेफा तिथे अडेल. वरची कड दुहेरी दुमडून शिवली आणि दर २०-२२ सेंमीला चिमटा. चिमट्यांतलं अंतर वाढलं की दोन चिमट्यांमध्ये कापड कमानीसारखं उतरतं आणि खालपर्यंत घड्या जातात. खाली मात्र नेफा शिवून त्यात उरलेल्या पाइपचा तुकडा घातला. इस्त्रीने जे होत नाही ते या वजनाने रात्रभरात होतं.

फ्लेक्स छापून घेण्याचा पर्याय स्वस्त असतो. पृष्ठभाग चकाकतो, दिव्याचा डाग दिसतो आणि एकदा पडलेली घडी जात नाही. वस्तूंसाठी नको, पोर्ट्रेटसाठी तर नकोच.

पंखा चालू असताना कापड हलतं. फ्लॅशने काम करताना चालतं, सतत जळणाऱ्या दिव्यांवर कमी शटरला पडदा पुसट येतो. तेव्हा पंखा बंद.

१२ जुलै

पावसाळ्याची तपासणी. हवेतला ओलावा कागद शोषतो आणि उलगडलेल्या भागाच्या कडा लाटांसारख्या होतात. गुंडाळलेला भाग ठीक राहतो, म्हणून पावसाळ्यात काम संपताच पूर्ण गुंडाळून वर चिमटा लावायचा आणि रोलवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. लाटा आलेला भाग खाली वजन लावून लटकत ठेवला तर बराच सुधारतो. नाही सुधारला तर तेवढा कापून टाकायचा. त्यासाठी ११ मीटरचा रोल असतो.

ब्रॅकेटवर नसलेले जादा रोल कपाटामागे उभे ठेवलेत. आडवे ठेवले तर स्वतःच्याच वजनाने मधे वाकतात आणि तो वाक ब्रॅकेटवर चढवल्यावर कागदात दिसतो. कोपरा बाहेरच्या भिंतीचा नको, तिथे ओल असते.

फास्टनरचे नट पान्याने तपासले, एकही फिरला नाही. यू-क्लॅम्पचा एक नट अर्धा फेरा बसला, त्यावर चेकनट टाकला. पाइपच्या मध्यावर टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून पाहिला. झोळ डोळ्यांनी दिसण्याइतका नाही. पुढची तपासणी दिवाळीआधी, भिंतीला रंग लागण्याच्या वेळी. तेव्हा पाइपच्या मागची भिंत पांढरी न ठेवता फिक्या राखाडी मॅट रंगाची करायची आहे, म्हणजे पडद्याच्या कडेने तिचा उजेड परत चेहऱ्यावर येणार नाही.